दोन खिडक्या, एक काम : मोबाइलवर एकाच वेळी अनेक कामे करण्याचा उपयोग आणि मर्यादा

धागालेखिका

नमस्कार. मी अनुवादाचे काम करते. काही महिन्यांपूर्वी माझा लॅपटॉप बंद पडला आणि सलग सात आठवडे मला सगळे काम फोन आणि टॅबलेट यांवरच करावे लागले. फोनवर एकाच वेळी अनेक कामे करणे, म्हणजे आपण ज्याला सर्रास मल्टिटास्किंग म्हणतो ते, मी त्याआधीही करतच होते. परंतु त्यातले काय खरोखर उपयोगी पडते आणि कशात नुसताच वेळ जातो, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. त्या सात आठवड्यांत तो मांडावाच लागला, कारण कामाच्या तारखा पुढे ढकलण्याची सोय नव्हती. त्यातून हाती आलेला निकष येथे तपासून घ्यावा, या हेतूने हा धागा काढत आहे.

स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या असल्या तरी त्या एकाच कामाच्या असतील, तर त्या शेजारी शेजारी असण्याचा फायदा होतो. त्या दोन वेगळ्या कामांच्या असतील आणि दोन्ही कामांना विचार लागत असेल, तर दोन्ही बिघडतात. हा निकष वाचायला सरळ वाटतो, पण तो लक्षात येईपर्यंत मी बरेच चुकीचे प्रयोग केले.

पहिला प्रयोग उपयोगी ठरला. टॅबलेटवर डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे माझा मसुदा, अशी मांडणी मी ठेवली. एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्याकडे नजर वळवायला जेमतेम क्षण लागतो, आणि मूळ वाक्य डोक्यात धरून अ‍ॅप बदलण्याची गरज उरत नाही. हेच काम फोनवर अ‍ॅप बदलत करून पाहिले, तेव्हा मूळ वाक्यातला एखादा छोटा शब्द, ‘फक्त’ किंवा ‘सुद्धा’ यांसारखा, वारंवार गळत असल्याचे मला फेरतपासणीत आढळले. वाक्याचा आशय लक्षात राहत होता, पण त्याची नेमकी ठेवण अ‍ॅप बदलण्याच्या त्या दोन सेकंदांत पुसली जात होती. अनुवादात अशा शब्दांनीच अर्थ फिरतो, म्हणून मला ही चूक किरकोळ मानता येत नाही.

दुसरा प्रयोग मी मोठ्या उत्साहाने केला आणि तो पूर्ण फसला. एका बाजूला मसुदा आणि दुसऱ्या बाजूला संपादकांशी चाललेला संदेशांचा संवाद अशी मांडणी मी दोन दिवस ठेवली. शंका आली की लगेच विचारता येईल आणि उत्तर आले की लगेच दिसेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात उत्तरे माझ्या शंकांच्या क्रमाने येत नव्हती. तिसऱ्या परिच्छेदात असताना पहिल्या परिच्छेदाचे उत्तर येई, मी मागे जाई, तिथली दुरुस्ती करी आणि परत आल्यावर तिसरा परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचत बसे. त्यानंतर मी शंका एका टिपणात साठवून दिवसातून दोनदाच पाठवू लागले. काम तेवढेच होते, साधनही तेच होते, आणि तरीही ते दुपारपर्यंत आटोपू लागले.

फोनचा प्रश्न मला टॅबलेटपेक्षा वेगळा वाटतो. अँड्रॉइडमध्ये २०१६ साली आवृत्ती ७ पासून स्क्रीन दोन भागांत विभागण्याची सोय मुळातच आली. काही उत्पादकांनी ती त्याच्या आधीपासून आपल्या मोठ्या फोनांत दिली होती. आयपॅडवर ती २०१५ च्या आयओएस ९ मध्ये आली, मात्र आयफोनवर ती त्या वेळी दिली गेली नाही. पूर्वी हा मला निव्वळ अडेलपणा वाटत असे. परंतु उभ्या धरलेल्या फोनवर दोन अ‍ॅप्स उघडून त्यांपैकी एकात लिहायला सुरुवात केली, की कळफलक वर येतो आणि उरलेल्या जागेत दोन्ही अ‍ॅप्सच्या जेमतेम तीन-चार ओळी शिल्लक राहतात, त्यातही अर्धी जागा वरच्या पट्ट्या अडवतात. दोन मजकूर वाचून पडताळायचे असतील तर फोनची विभागलेली स्क्रीन चालते. लिहायचे असेल तर ती जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट मला नीट समजलेली नाही, ती जाणकारांनी सांगावी. एका संकेतस्थळावर लांबलचक अर्ज भरताना ओटीपी पाहण्यासाठी मी संदेशांच्या अ‍ॅपमध्ये गेले आणि परत आले, तर पान नव्याने उघडलेले आणि भरलेली सर्व माहिती गेलेली. हे एकदा नव्हे, चारदा घडले. अ‍ॅप तर मी बंद केले नव्हते, यादीत ते दिसतही होते. मग ते ‘चालू’ होते याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे मोबाइल अ‍ॅप्स तयार करण्याच्या कामात आहे, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अलीकडे वापरलेल्या अ‍ॅप्सची जी यादी फोन दाखवतो, ती चालू असलेल्या अ‍ॅप्सची यादी नसते. आपण कुठे कुठे जाऊन आलात याची ती नोंद असते. त्यातली काही अ‍ॅप्स मेमरीत जशीच्या तशी असतात, काही गोठवलेली असतात, आणि काही तर केव्हाच संपवलेली असून त्यांचे फक्त शेवटचे चित्र यादीत उरलेले असते. त्या चित्रावर बोट ठेवले की अ‍ॅप नव्याने सुरू होते. ते नव्याने सुरू झाले हे आपल्याला कळू नये, अशी अपेक्षा असते. ती पूर्ण करण्याची जबाबदारी अ‍ॅप लिहिणाऱ्यावर असते आणि बऱ्याचदा ती पाळली जात नाही.

संगणकावर मेमरी भरली की यंत्रणा काही मजकूर डिस्कवर हलवते, त्यामुळे वेग मंदावतो पण काम जात नाही. फोनमधल्या फ्लॅश साठवणुकीवर सतत लिहिल्याने ती झिजते, म्हणून फोनांनी वेगळी वाट धरली. अँड्रॉइड मेमरीतला मजकूर आधी दाबून लहान करते, आणि तरीही जागा पुरली नाही तर कमी महत्त्वाची प्रक्रिया सरळ संपवते. समोर दिसणारे अ‍ॅप सर्वांत महत्त्वाचे, त्याखालोखाल अंशतः दिसणारे, मग गाणे वाजवण्यासारखी जाणवणारी सेवा देणारे, आणि सर्वांत शेवटी नुसते आठवणीत ठेवलेले, अशी ती उतरंड असते. आपण संदेश पाहायला गेलात त्या क्षणी ब्राउझर समोरच्या जागेवरून थेट शेवटच्या पायरीवर आला. संपवण्यापूर्वी यंत्रणा अ‍ॅपला आपली स्थिती नोंदवून ठेवण्याची संधी देते, परंतु त्या नोंदीत थोडाच मजकूर मावतो. एखाद्या संकेतस्थळाच्या अर्जात आपण काय भरले होते, हे त्यात परत मिळेलच याची खात्री नसते. चूक आपली नाही, आणि ब्राउझरचीही पूर्णपणे नाही. अर्ज भरताना मसुदा जतन करण्याची सोय त्या संकेतस्थळाने द्यायला हवी होती, असे मी ठामपणे म्हणेन.

ही बंधने मुद्दाम घातलेली आहेत, आणि त्यांचा इतिहास पाहिला की त्यांमागचे कारण समजते. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये १२८ एमबी मेमरी होती. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये १९२ एमबी. अँड्रॉइडने सुरुवातीपासून इतर अ‍ॅप्सना मागे चालू राहू दिले आणि त्याची किंमत बॅटरीने मोजली. अ‍ॅपलने २०१० पर्यंत बाहेरच्या अ‍ॅप्सना मागे चालूच दिले नाही. त्या वर्षीच्या आयओएस ४ मध्ये परवानगी मिळाली तीही सरसकट नव्हे, तर ठरावीक कामांसाठी: आवाज वाजवणे, इंटरनेटवरून कॉल, स्थान कळवणे, सूचना, आणि हाती घेतलेले काम पुरे करणे. त्या पूर्ततेसाठी सुमारे दहा मिनिटे मिळत. पुढच्या आवृत्त्यांत हा अवधी वाढला नाही, उलट कमी कमी होत गेला. आणि तेव्हा दोनच वर्षे जुन्या असलेल्या आयफोन ३जी ला ही सोय मिळालीच नाही.

अँड्रॉइडचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला, पण येऊन पोहोचला तिथेच. २०१५ च्या आवृत्ती ६ मध्ये, फोन चार्जिंगला नसेल, हलत नसेल आणि स्क्रीन बंद असेल, तर अ‍ॅप्सची कामे थोपवून ती अधूनमधून एकत्र उरकण्याची पद्धत आली. २०१७ च्या आवृत्ती ८ ने मागे चालणाऱ्या सेवांवर आणखी मर्यादा घातल्या. पुढच्या वर्षी आवृत्ती ९ मध्ये तर आपण कोणते अ‍ॅप किती वेळा वापरतो त्यानुसार त्याचा वाटा ठरू लागला. मेमरी त्या काळाच्या कितीतरी पट वाढली असूनही बंधने घट्टच होत गेली. याचे कारण बॅटरी मेमरीच्या वेगाने वाढत नाही, आणि फोनला पंखा नसल्याने उष्णता बाहेर टाकायला त्याच्या पाठीशिवाय दुसरी जागा नाही. व्हिडिओ कॉल, नकाशा आणि चार्जिंग एकाच वेळी चालू ठेवून पाहा. थोड्याच वेळात फोन तापतो आणि प्रोसेसर स्वतःहून आपला वेग कमी करतो.

प्रतिसाद २

धागालेखिकेचा निकष मला पटला, पण तो ज्याच्या हाती आपला वेळ आहे त्याच्यासाठी आहे, हे नमूद करावेसे वाटते. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेले आजारी माणूस आहे आणि मी घरूनच नोकरी करते. कार्यालयाची बैठक फोनवर चालू असताना दुसऱ्या खोलीतल्या कॅमेऱ्याचे छोटे चित्र त्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवते. ही दोन कामे आहेत, दोन्ही लक्ष मागतात, आणि ती एकत्र करू नयेत हे मला कळते. तरीही ते छोटे चित्र नसते तर मला नोकरी सोडावी लागली असती. उपयोगाचा हिशेब मांडताना केवळ कामाची गुणवत्ता पाहून चालणार नाही. पर्यायच नसलेल्या माणसासाठी अर्धवट लक्ष हे अजिबात लक्ष नसण्यापेक्षा पुष्कळ बरे असते.

प्रतिसाद ३

मी मानसशास्त्र शिकवतो. वरील तिन्ही लेखनांत आलेले अनुभव आमच्या विषयात बऱ्याच काळापासून अभ्यासले गेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याची किंमत मोजण्याचा पहिला नावाजलेला प्रयत्न आर्थर जरसिल्ड यांनी १९२७ साली केला. लोकांना एका यादीवर एकच क्रिया करायला दिली, दुसऱ्या यादीवर दोन क्रिया आलटून पालटून करायला दिल्या, आणि वेळांची तुलना केली. एकाच प्रकारच्या आकड्यांवर कधी ही क्रिया, कधी ती, असे करावे लागले की वेळ स्पष्टपणे वाढत असे. परंतु यादीत एक आकडा, एक शब्द असे मिश्रण असेल, आणि आकडा दिसला की काय करायचे व शब्द दिसला की काय करायचे हे त्यावरूनच कळत असेल, तर ही वाढ जवळजवळ नाहीशी होत असे. मला हा तपशील आपल्या चर्चेसाठी फार मोलाचा वाटतो. बदलाची सगळी किंमत निव्वळ बदलामुळे पडत नाही. ‘आता मी नेमके काय करायचे आहे’ हे मनाला स्वतःहून आठवावे लागले की ती चढते. डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे मसुदा असेल, तर डावीकडे वाचायचे आणि उजवीकडे लिहायचे हे जागेवरूनच ठरते. दोन संभाषणे शेजारी शेजारी उघडली, तर दोन्हीकडे वाचायचे आणि दोन्हीकडे लिहायचे असते, आणि कुणाला काय सांगायचे होते हे प्रत्येक वेळी नव्याने आठवावे लागते.

१९९५ साली रॉजर्स आणि मोन्सेल यांनी दाखवले की पुढचे काम कोणते हे आधीच ठाऊक असले आणि तयारीला वेळ मिळाला, तर ही किंमत घटते, पण शून्य होत नाही. थोडा अवशेष उरतोच. धागालेखिकेचे दिवसातून दोनदा शंका पाठवणे म्हणजे बदलांची संख्याच कमी करणे होय; केवळ तयारीवर भिस्त ठेवण्यापेक्षा तो उपाय अधिक खात्रीचा आहे.

ज्या ठिकाणी चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, तेथील अभ्यास अधिक बोलका आहे. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली वाहन चालवण्यासारख्या प्रयोगात पाहिले की फोनवर बोलणाऱ्यांकडून चुकणाऱ्या सिग्नलांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते, आणि फोन हातात धरला होता की हात मोकळे होते, याने फरक पडला नाही. त्याच अभ्यासात रेडिओ ऐकणाऱ्यांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. हात अडकलेले नसले तरी मन अडकलेले असते, कारण संभाषणात आपली पाळी येते आणि तेव्हा उत्तर घडवावे लागते. रेडिओ आपल्याकडून काही मागत नाही. म्हणून गाणी ऐकत भांडी घासणे आणि फोनवर वाद घालत रस्ता ओलांडणे यांना एकच शब्द वापरणे मला चुकीचे वाटते.

आपण याला अपवाद आहोत, असे अनेकांना मनापासून वाटते. असे लोक आहेतही. वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०० जणांपैकी सुमारे २.५ टक्के लोकांची कामगिरी दोन कामे एकत्र करताना घसरली नाही. उरलेले साडेसत्त्याण्णव टक्के आपण सगळे.

सवयीने हे कौशल्य येते का, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. २००९ साली ओफिर, नॅस आणि वॅग्नर यांनी एकाच वेळी अनेक माध्यमे वापरण्याची सवय असलेल्यांची चाचणी घेतली, तेव्हा ते अनावश्यक गोष्टी बाजूला सारण्यात इतरांपेक्षा मागे पडले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा परिणाम सारखा दिसला नाही, त्यामुळे फोनमुळे मेंदू बिघडतो असा निष्कर्ष त्यातून काढू नये. जास्त सवय असलेले लोक या कामात अधिक तरबेज असतील, ही अपेक्षा त्या चाचणीत पुरी झाली नाही, एवढेच म्हणता येते.

प्रतिसाद २ मधील मुद्द्याबद्दल मला आदर आहे. प्रयोगशाळेत आम्ही गुणवत्तेची घसरण मोजतो; ती घसरण स्वीकारणे योग्य आहे की नाही, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यानेच ठरवायचे असते. एक छोटी सुधारणा सुचवतो. त्या कॅमेऱ्याला हालचाल किंवा आवाज झाल्यावर इशारा देण्याची सोय असेल, तर चित्राकडे सतत पाहावे लागणार नाही. पहारा ठेवण्याचे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करते, कारण ते कंटाळत नाही.

प्रतिसाद ४

मी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीनवरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवर फोन वापरतो. या चर्चेत आतापर्यंत सगळा विचार डोळ्यांचा झाला, म्हणून माझी बाजू मांडतो.

स्क्रीनचे दोन भाग केल्याने मला काहीच मिळत नाही, कारण माझ्याकडे वाचणारा आवाज एकच आहे. तो एका क्षणी एकाच खिडकीतले वाचू शकतो. त्यामुळे माझ्यासाठी मल्टिटास्किंगची खरी मर्यादा स्क्रीनची रुंदी नसून कान आहे. फोनवर एखाद्या सेवेशी बोलताना ‘अमुक आकडा दाबा’ असे सांगितले जाते, तेव्हा मला एकाच वेळी पलीकडचा आवाज ऐकायचा असतो, आकड्यांचा फलक उघडायचा असतो आणि फलकावरचा प्रत्येक आकडा वाचणारा आवाजही ऐकायचा असतो. दोन्ही आवाज एकमेकांवर येतात आणि पुढची सूचना निसटते. ग्राहक क्रमांक सांगण्यासाठी कॉल चालू ठेवून संदेशात जायचे असेल, तर मी आता तो प्रयत्नच करत नाही. कॉल लावण्यापूर्वी क्रमांक पाठ करतो.

याउलट जिथे आवाज एकमेकांना वाट देतात तिथे माझी मोठी सोय होते. पुस्तक ऐकत चालताना नकाशाची सूचना आली की पुस्तक थांबते किंवा हळू होते, आणि वळण सांगून झाल्यावर पुन्हा सुरू होते. ही व्यवस्था ज्या कुणी विचारपूर्वक केली, त्यांनी माझे चालणे सुरक्षित केले आहे. अ‍ॅप लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, आपल्या अ‍ॅपने आवाज करण्यापूर्वी दुसरे कुणी बोलत आहे का, हे जरूर पाहावे. पान उघडताच आपोआप वाजू लागणारी जाहिरात डोळसांना त्रासदायक वाटत असेल. मला मात्र ती त्या क्षणी पूर्ण आंधळे करते, कारण ती बंद करण्याचे बटण कुठे आहे हे सांगणारा आवाजच तिच्याखाली दबलेला असतो.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ वाचल्यावर माझा निकष दुरुस्त करावा लागेल. मी खिडक्या मोजत होते. मोजायला हवे होते ते काम कोणत्या इंद्रियावर आणि मनाच्या कोणत्या भागावर पडते ते. पुस्तक आणि नकाशा ही दोन वेगळी कामे आहेत, तरीही ती एकत्र चालतात, कारण त्यांतले एक दुसऱ्यासाठी थांबते. प्रतिसाद ३ मधील ‘पाळी’चा मुद्दाही मला त्याच्याशी जोडलेला दिसतो. जे काम आपल्यासाठी थांबू शकते ते सोबत घेता येते. समोरचा माणूस, वाहनांची गर्दी किंवा बैठकीत अचानक विचारला जाणारा प्रश्न आपल्यासाठी थांबत नाही.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्या ताईंना सांगायचे आहे की त्यांचा मुद्दा मी मान्य करते. माझ्या मूळ लेखनात तो यायला हवा होता.

प्रतिसाद १ मधील माहितीमुळे मला आणखी एक गोष्ट जाणवली. ओटीपीसाठी अ‍ॅप बदलण्याचा त्रास माझ्या दुसऱ्या फोनवर होत नाही, कारण तिथे आलेला आकडा कळफलकाच्या वरच सुचवला जातो. म्हणजे दोन कामे एकत्र करण्याची चांगली सोय देण्याऐवजी, दोन कामे करण्याची गरजच काढून टाकली आहे. जुन्या संगणकावरच्या सवयीने मी दोन खिडक्या मागत होते; फोनला कदाचित वेगळी उत्तरे शोभतात.

प्रतिसाद १

आपले निरीक्षण अचूक आहे. आयफोनवर ती सोय २०१८ च्या आयओएस १२ मध्ये आली, आणि अँड्रॉइडवर अ‍ॅपला फक्त आपल्यासाठीचा संदेश वाचता यावा अशी व्यवस्था त्याच्या एक वर्ष आधी उपलब्ध झाली होती. ‘शेअर’चे बटण हेही त्याच जातीचे आहे. छायाचित्र संदेशात पाठवायचे असेल तर संदेशांचे अ‍ॅप उघडून, छायाचित्र शोधून, परत यावे लागत नाही. त्या अ‍ॅपचा लागतो तेवढाच तुकडा आपल्याकडे येतो आणि काम झाल्यावर निघून जातो. अ‍ॅप तयार करताना आम्ही जेव्हा वापरणाऱ्यांकडे पाहत बसतो, तेव्हा ते किती वेळा अ‍ॅप सोडून बाहेर जातात आणि काय आणायला जातात, याची नोंद मला सर्वांत उपयोगी वाटते. बाहेर जाण्याचे प्रत्येक कारण म्हणजे आमच्या कामात राहिलेली त्रुटी असते, असे मी मानतो.

प्रतिसाद ५

एक व्यावहारिक शंका आहे. फोन हलका राहावा म्हणून मी दर तासाला यादीतली सर्व अ‍ॅप्स वर सरकवून बंद करते. वरील चर्चेवरून हे निरर्थक असल्यासारखे वाटते. शिवाय माझ्या वडिलांच्या फोनवर औषधाची आठवण देणारे अ‍ॅप आहे, ते काही दिवसांपासून अधूनमधून गप्पच राहते. या दोहोंचा काही संबंध असेल का? त्यांचाही फोन मीच ‘साफ’ करत असते.

प्रतिसाद १

संबंध असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून आज रात्रीच्या औषधाआधी हे वाचावे अशी विनंती.

आधी पहिली शंका. अडकून पडलेले अ‍ॅप बंद करणे योग्यच, पण सगळी अ‍ॅप्स नेमाने बंद करण्याने बॅटरी वाचत नाही. गोठवलेले अ‍ॅप प्रोसेसर वापरत नाही. तेच अ‍ॅप पुढच्या वेळी शून्यातून सुरू करायला मात्र जास्त काम पडते. अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरीगी यांना २०१६ साली एका ग्राहकाने, आपण स्वतः अ‍ॅप्स अशी बंद करता का आणि बॅटरीसाठी ते आवश्यक आहे का, असे विचारले होते. दोन्ही प्रश्नांना त्यांचे उत्तर ‘नाही’ असे होते.

आता औषधाचे. मूळ अँड्रॉइडमध्ये यादीतून अ‍ॅप सरकवल्याने त्याचे लावलेले गजर रद्द होत नाहीत. परंतु काही उत्पादकांनी बॅटरी वाचवण्यासाठी यंत्रणेत आपले बदल केले आहेत, आणि अशा फोनांवर सरकवणे म्हणजे अ‍ॅप सक्तीने थांबवण्यासारखेच ठरते. सक्तीने थांबवलेल्या अ‍ॅपचे गजर, ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत, वाजत नाहीत. वडिलांच्या फोनवर ते अ‍ॅप एकदा उघडावे. नंतर फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर जाऊन बॅटरीच्या पर्यायात त्याच्यावरील निर्बंध काढून टाकावेत. त्याच पानावर गजर आणि स्मरणसूचनांसाठी वेगळी परवानगी असते. ती २०२१ च्या आवृत्ती १२ पासून आली आणि आवृत्ती १४ पासून नव्याने घेतलेल्या बऱ्याच अ‍ॅप्सना ती आपोआप मिळत नाही, ती दिलेली आहे का हे पाहावे. यादीत अ‍ॅपच्या चित्रावर कुलपाची खूण लावण्याची सोय असेल तर तीही लावावी.

एवढे करून पाच मिनिटांनंतरची एक खोटी आठवण लावावी, स्क्रीन बंद करून फोन बाजूला ठेवावा आणि ती वाजते का, हे स्वतः ऐकावे.

प्रतिसाद ५

गजर वाजला. बॅटरीच्या पर्यायात निर्बंध होता आणि परवानगीही बंद होती. कॅमेऱ्याच्या इशाऱ्याबद्दल प्रतिसाद ३ मध्ये जे लिहिले आहे, त्या अ‍ॅपचीही हीच तपासणी करावी लागेल ना? प्रतिसाद २ लिहिणाऱ्या ताईंनी ती जरूर करावी, म्हणून मुद्दाम विचारते.

प्रतिसाद १

होय, अगदी हीच. आणि फोनची यंत्रणा अद्ययावत झाली की पुन्हा एकदा करावी, कारण काही फोनांवर त्यानंतर हे पर्याय पूर्ववत झालेले मी पाहिले आहेत.